जनपद सभा

मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ साली स्थापन झालेली तहसील पातळीवरची स्थानिक स्वराज्य संस्था. विदर्भात ती १९६२ पर्यंत टिकली. तहसिलीच्या या कार्यक्षेत्रालाही ‘जनपद’ म्हणत.

नावाविषयी : हा शब्द जुना आहे. पाणिनीच्या सूत्रांत तो येतो, आणि सोळा महाजनपदांपैकी अश्मक हे गोदावरीकाठचे होते. प्राचीन जनपद हा मात्र भूप्रदेश होता. त्याला स्वतःची प्रातिनिधिक सभा होती का, याबद्दल मतभेद आहेत. ‘पौर’ आणि ‘जानपद’ या राजसत्तेला आळा घालणाऱ्या दोन संघटित सभा होत्या, असे इतिहासकार काशीप्रसाद जायसवाल यांनी मांडले. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात ‘पोरं जानपदं’ असे एकवचन आहे. राजाने अनुग्रह केला तो या संस्थांवर, असा अर्थ त्यांनी त्यावरून लावला. इतिहासकार अ. स. आळतेकर यांना तो मान्य नव्हता. समूहवाचक एकवचनावरून सभा सिद्ध होत नाही. क्षत्रप राजा रुद्रदामन याच्या गिरनार लेखात तर ‘पौरजानपदं जनं’ असे स्पष्टच आहे, म्हणजे नगरातले व खेड्यापाड्यांतले लोक. नालंदा येथे सापडलेल्या काही मुद्रांवर गावाच्या नावापुढे ‘जानपदस्य’ अशी अक्षरे आहेत. त्यांवरून काही ग्रामसंस्था असाव्यात एवढे म्हणता येईल. राज्यव्यापी सभेला तो आधार अपुरा वाटतो. विसाव्या शतकातल्या संस्थेने प्राचीन परंपरेकडून नाव घेतले. दोहोंत संस्थात्मक सातत्य दाखवता येत नाही.

पूर्वपीठिका : मध्य प्रांतात १८८३ च्या कायद्याने तहसिलीत लोकल बोर्डे व त्यांवर जिल्हा कौन्सिले आली. वऱ्हाडात १८८५ च्या कायद्याने तालुका व जिल्हा बोर्डे स्थापन झाली. मध्य प्रांताचा कायदा १९२० मध्ये नव्याने झाला. ही मंडळे शाळा, रस्ते, दवाखाने सांभाळत. सरकारी यंत्रणा मात्र त्यांच्यापासून वेगळी चाले. हे अंतर मिटवण्याची योजना काँग्रेस नेते द्वारकाप्रसाद मिश्र यांनी १९३७ नंतरच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात आखली. १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने ती मागे पडली आणि १९४८ च्या कायद्याने अमलात आली.

रचना व कार्य : जिल्हा कौन्सिल जाऊन तहसील हा मुख्य घटक झाला. निवडून आलेल्या सभेच्या जोडीला उपविभागीय अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकारी असे, तहसीलदार त्याचा साहाय्यक. लोकांनी ठरवावे आणि सरकारी यंत्रणेने ते राबवावे, हा यामागचा विचार. तो धाडसी होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण अधिकार जेवढे देऊ केले तेवढे प्रत्यक्षात हाती आले नाहीत, आणि पैसाही तुटपुंजा होता. उत्पन्नासाठी सभांना किती झगडावे लागे, हे छिंदवाडा जनपद सभेच्या कोळसा कराच्या प्रकरणात दिसते. टनामागे ३ पै हा जनपदपूर्व काळातला मूळ दर ९ पैपर्यंत वाढला होता. त्यावरून खाणमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा वाढीला सरकारची पूर्वमंजुरी लागते, हा मुद्दा त्या वादात निर्णायक ठरला.

विसर्जन : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, तरी तेथे जनपद सभाच राहिल्या, पश्चिम महाराष्ट्रात त्या वेळी जिल्हा लोकल बोर्डे होती. एकाच राज्यातल्या या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करण्याचा प्रश्न वसंतराव नाईक समितीपुढे आला. पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने विकास गटाला महत्त्व दिले होते; नाईक समितीने १९६१ मध्ये जिल्ह्याच्या बाजूने कौल दिला. नाईक स्वतः पुसदचे, म्हणजे जनपदच्याच मुलखातले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. तालुका पातळी पंचायत समितीच्या रूपाने उरली, पण मुख्य सत्ता जिल्ह्याकडे गेली. मध्य प्रदेश व छत्तीसगढमध्ये गट पातळीवरच्या संस्थेला आजही ‘जनपद पंचायत’ म्हणतात.