एबीएसचे जास्तीचे पैसे द्यायचे का, हा वाद आला कुठून

भाच्याला सेकंडहँड स्पोर्टबाइक घ्यायचीय म्हणून गेल्या महिन्यात दोन यामाहा आर-15 बघून आलो, दोन्ही व्ही3 म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, दोन्ही निळ्या, एक 2018 ची आणि एक 2019 ची. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. खाली बसून पुढच्या चाकात डोकावलं तर 2019 वालीला डिस्कच्या आत अजून एक छोटी खाचांची रिंग, तिला जवळजवळ चिकटलेला काळा सेन्सर, आणि त्याची वायर फोर्कच्या कडेनं वर गेलेली. 2018 वालीला त्या जागी नुसती हवा. ती रिंग आणि सेन्सर म्हणजे एबीएसची खूण, जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम. दोन्ही मालकांच्या मागणीत फरक 15 हजारांचा. भाचा म्हणतो, मामा, एवढ्याशा रिंगचे 15 हजार?

आता त्याला काय सांगू, हा प्रश्न त्याच्या जन्माच्या आधीपासून चाललाय, फक्त दर वेळी "महाग" या शब्दाचा अर्थ बदलत गेला. आधी वजन महाग होतं, मग रुपये.

सुरुवात मोटरसायकलवर नाही, विमानात झाली. ओल्या धावपट्टीवर विमान उतरताना चाकं जाम होऊन घसरायची, टायर फुटायचे, त्यावर डनलॉपनं मॅक्सरेट नावाचं पूर्ण मेकॅनिकल यंत्र काढलं, चाक थांबायला लागलं की ब्रेकचं प्रेशर आपोआप सोडायचं आणि परत द्यायचं. हेच यंत्र इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं 1958 मध्ये एका मोटरसायकलला लावून बघितलं, आणि ती मोटरसायकल कोणती, तर रॉयल एन्फिल्डची सुपर मीटिअर! निसरड्या रस्त्यावर चाक लॉक करून थांबण्यापेक्षा अंतर 30 टक्क्यांपर्यंत कमी आलं. पण एन्फिल्डच्या तेव्हाच्या टेक्निकल डायरेक्टरला त्यात दम वाटला नाही आणि प्रकरण तिथंच फाइलबंद झालं. आपल्याकडच्या क्लासिक 350 ला एबीएस मिळायला 2018 उजाडलं, म्हणजे मोजून 60 वर्षं. एन्फिल्डवाल्या मित्रांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

कारमध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 ला मर्सिडीज एस-क्लासमध्ये आलं. बाइकला अजून 10 वर्षं लागली, खरं तर गरज बाइकला जास्त होती. कारचं चाक लॉक झालं तर कार सरळ घसरत जाते, स्टिअरिंग ऐकत नाही, पण ती चार चाकांवर उभी असते. बाइकचं मागचं चाक लॉक झालं तर शेपूट हलते, सावरता येतं बऱ्याचदा. पुढचं लॉक झालं की गाडी झोपली, तुम्हाला कळायच्या आत. आणि स्पोर्टबाइकमध्ये व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, छोटा, चालवणारा पुढे वाकलेला, जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं जवळजवळ सगळं काम पुढच्याच चाकाकडे. म्हणजे जे चाक लॉक करायची सगळ्यात जास्त भीती, तेच सगळ्यात जास्त दाबायचं, हा स्पोर्टबाइकचा मूळ पेच आहे.

तर 1988 मध्ये बीएमडब्ल्यूनं के100 ला एबीएस दिलं. सिस्टिमचं वजन 11 किलो. घरच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, त्याचा पाऊण भाग गाडीवर बांधून फिरायचं असं समजा. के100 मुळातच जाडजूड टूरिंगची गाडी, तिला काय फरक पडतो. पुढे 1991 ला यामाहा एफजे1200, 1992 ला होंडा एसटी1100, सगळ्या लांब पल्ल्याच्या, धष्टपुष्ट गाड्या. स्पोर्टबाइकवाले मात्र हलका सायलेन्सर लावून दोन किलो वाचवण्यासाठी पगार घालवणारी जमात, त्यांना 11 किलोची पेटी कोण विकणार. शिवाय लिव्हर हातात थडथडतो, ब्रेकचा फील जातो ही तक्रार होतीच, आणि ती त्या काळात खोटीही नव्हती. "मोटोजीपीत कुठे असतं एबीएस?" हा डायलॉग अजूनही ऐकू येतो. नसतंच, त्या रेसच्या नियमातच बंदी आहे. पण मोटोजीपीत वळणावर खडी नसते, म्हैस नसते आणि डिव्हायडर फोडून केलेल्या गॅपमधून उलटा येणारा टेम्पोही नसतो.

चित्र बदललं ते 2009 मध्ये. होंडानं सीबीआर600आरआर आणि 1000आरआर वर सी-एबीएस आणलं, लिव्हर दाबला की सेन्सर प्रेशर मोजणार आणि खरा ब्रेक मोटर लावणार, त्यामुळे लिव्हर थडथडायचा प्रश्नच नाही. अमेरिकेत त्याचे 1000 डॉलर जास्त आणि वजन साधारण 10 किलो जास्त, म्हणजे फील सुटला पण वजन तिथंच. त्याच सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यू एस1000आरआरच्या रेस एबीएसचं वजन अडीच किलो, वर रेन, स्पोर्ट, रेस, स्लिक असे मोड, स्लिकमध्ये मागचं एबीएस बंद. आणि बॉशनं खास बाइकसाठी बनवलेल्या नवव्या पिढीच्या युनिटचं वजन 700 ग्रॅमच्या आसपास आलं, एक किलो साखरेपेक्षा कमी. वजनाचा वाद खरं तर इथंच मेला, वाद घालणारे अजून जिवंत आहेत एवढंच.

आता आपल्याकडे. नव्या ब्रेकवर संशय घेण्याची आपली परंपरा जुनी आहे, 1999 ला हिरो होंडाची सीबीझी डिस्क ब्रेक घेऊन आली तेव्हा आमच्या गल्लीतला मेकॅनिक सांगायचा, डिस्क दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातो, ड्रमच बरा. एबीएस आलं 2011 मध्ये, टीव्हीएसच्या अपाची आरटीआर 180 वर, आणि त्याच वर्षी होंडा सीबीआर250आर वर. अपाचीला साधारण 10 हजार जास्त, सीबीआरला तब्बल 25 हजार. त्या वेळी 25 हजारात अर्धी स्प्लेंडर यायची. वजनाचा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलाच नाही, आपला प्रश्न सरळ होता, ऑन रोड किती वाढतात आणि विकताना परत मिळतात का.

मी स्वतः 2012 ला गाडी घेतली (कोणती ते जाऊ दे) तेव्हा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सर, एबीएस हायवेवाल्यांसाठी, सिटीत काय गरज. मला तेच ऐकायचं होतं. वाचलेल्या पैशात एक्झॉस्ट बसवला. दोन वर्षांनी जूनमधला पहिला पाऊस, कात्रजचा उतार, रस्त्यावर वर्षभराचं ऑइल वर तरंगलेलं, आणि समोर कुत्रं. ब्रेक दाबल्याचं आठवतं, रस्त्यावर बसल्याचं आठवतं, मधलं काहीच आठवत नाही कारण मध्ये काही नव्हतंच. कॉलरबोनमधली प्लेट अजून आहे, आणि तिचं बिल एबीएसच्या फरकापेक्षा बरंच मोठं होतं. एक्झॉस्टचा आवाज मात्र छान होता.

2013 ला चाकणमध्ये बनलेली केटीएम 390 ड्यूक 1 लाख 80 हजारात आली आणि एबीएस ऑप्शन नाही, स्टँडर्ड, तेही दोन्ही चाकांना. पण हे सगळीकडे झालं नाही. 2015 ला पल्सर आरएस200 आली, एबीएससकट आणि एबीएसशिवाय, फरक 12 हजार, आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. त्याच वर्षी यामाहा आर3 आली सव्वातीन लाखांना आणि एबीएस नाहीच, पैसे द्यायची तयारी असली तरी नाही! त्यावरून लोकांनी जो दंगा केला तो बरोबरच होता. बाहेरच्या देशात मिळतंय ते इथं सव्वातीन लाख मोजूनही नाही म्हणजे काय.

युरोपनं 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना 2016 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना 2017 पासून एबीएस सक्तीचं केलं. आपल्याकडे 1 एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलना आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्यांना. म्हणूनच आर-15 व्ही3 2018 मध्ये एबीएसशिवाय आली आणि जानेवारी 2019 मध्ये एबीएससकट, 12 हजारांनी महाग. भाच्यासमोरच्या त्या दोन निळ्या गाड्यांमधली रेघ ही अशी सरकारी तारखेची आहे. नियमात पळवाटही राहिली, एका चाकाचं एबीएस चालतं, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी फक्त पुढचं दिलं. जीव पुढच्यानंच वाचतो, त्यामुळे मला ही तडजोड तितकी वाईट वाटत नाही.

उपयोग होतो का, याचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा अमेरिकेतल्या हायवे सेफ्टीच्या इन्शुरन्स संस्थेचा, आयआयएचएसचा. एबीएसवाल्या आणि त्याच मॉडेलच्या बिनएबीएसच्या गाड्या ताडून बघितल्या तेव्हा जीवघेण्या अपघातांचा दर आधी 37 टक्के कमी दिसला, 2013 ला 31, नंतरच्या अभ्यासात 22. आकडा खाली येत गेला हे लोक सांगत नाहीत. जास्तीचे पैसे देऊन एबीएस घेणारा माणूस मुळातच सांभाळून चालवणारा असू शकतो, ही शंकाही रास्त. तरी 22 टक्के म्हणजे काही थोडं नाही. आणि सुक्या ट्रॅकवर कसलेला रायडर एबीएसशिवाय तितकाच लवकर थांबेल, सुट्ट्या खडीवर तर एबीएसमुळे अंतर वाढेलही. प्रश्न कसलेल्या रायडरचा नाहीच, कुत्रं समोर आल्यावर तुमची बोटं काय करतात त्याचा आहे. माझ्या बोटांचं उत्तर वर सांगितलं.

आता 125 सीसीच्या वरच्या नव्या गाडीत निवड उरली नाही, म्हणून वाद पुढच्या पायरीवर चढलाय, कॉर्नरिंग एबीएस, म्हणजे गाडी किती झुकलीय ते बघून प्रेशर ठरवणारं. 2013 च्या शेवटी केटीएमच्या 1190 अॅडव्हेंचरवर पहिल्यांदा आलं, आपल्याकडे 390 अॅडव्हेंचरवर 2020 ला, आरसी 390 वर 2022 ला. अपाची आरआर 310 ला जास्तीचे पैसे भरून मिळतं. बारामतीत बनणाऱ्या एप्रिलिया आरएस 457 ला साधं ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांचं एबीएस आहे, कॉर्नरिंगवालं नाही, आणि त्यावरून पोरं आज जे भांडतात ते शब्दन्‌शब्द 2011 चं भांडण आहे.

आम्ही 2019 वाली घेतली. 2018 वालीला नंतर बसवून घेता येईल का, असं भाच्यानं विचारलं होतं, तर हायड्रॉलिक युनिट, दोन रिंगा, दोन सेन्सर, नव्या ब्रेक लाइन, वायरिंग, आणि मग ते त्या गाडीसाठी ट्यून कोण करणार, म्हणजे नाहीच. घेताना एक मात्र बघा. चावी फिरवली की मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे, आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. चालताना पेटलेलाच राहिला तर सेन्सर किंवा वायर गेलीय, ते निस्तरता येतं. पण चावी फिरवल्यावर पेटलाच नाही, तर मालकाला गाडी परत द्या, कोणीतरी दिव्याचंच काहीतरी केलंय.