धातूच्या पायाखालचं ऑक्साइड

सोनं गंजत नाही, काळवंडत नाही, ऑक्सिजनला सहसा दाद देत नाही. म्हणूनच उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून ते बिनकामाचं, असं अनेक वर्षं मानलं जाई. 1987 साली जपानमध्ये मासाताके हारुता आणि सहकाऱ्यांनी सोन्याचे अगदी सूक्ष्म कण लोह आणि कोबाल्टच्या ऑक्साइडवर बसवले. त्यावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होऊ लागला, तोही उणे 70 अंश सेल्सिअसला!

कण बारीक होते म्हणून हे घडलं, हे अर्धंच उत्तर. सिलिकावर, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडवर, तेवढेच बारीक कण बसवले तर इतकी चपळाई दिसत नाही. सोनं जिथे ऑक्साइडला टेकतं, त्या काठावर खरी गंमत आहे. कार्बन मोनॉक्साइड सोन्याला चिकटतो आणि ऑक्सिजन त्या काठाशी सक्रिय होतो.

धातूचे कण ज्या ऑक्साइडवर बसवतात, त्याला आधार म्हणतात. आधाराचं नेहमीचं काम साधं असतं: धातूचे कण पसरवून ठेवायचे, तापल्यावर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. चांगल्या ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या, एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो, तो याचसाठी.

पण आधार धातूचा स्वभावच बदलू शकतो, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. 1978 मध्ये एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमसारखे धातू टायटॅनियम डायऑक्साइडवर ठेवून हायड्रोजनमध्ये तापवले. 200 अंशांपर्यंत तापवल्यावर धातू हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड नीट धरून ठेवत होता. 500 अंशांपर्यंत नेल्यावर मात्र ही पकड जवळजवळ नाहीशी झाली. कणांचे गोळे झाले असतील, ही पहिली शंका. पण कण तसेच बारीक होते. पुढे उलगडलं ते असं: हायड्रोजनमुळे थोडा ऑक्सिजन गमावलेलं ऑक्साइड सरपटत धातूवर चढतं आणि त्याच्यावर पातळ साय धरतं. ऑक्सिजनमध्ये तापवलं की ही साय मागे हटते आणि मग बेताच्या उष्णतेत हायड्रोजन दिला की धातू पूर्ववत होतो.

ही साय नेहमीच नुकसान करते असं नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवरचं निकेल कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं) जास्त वेगानं बनवतं आणि त्यात नुसत्या मिथेनऐवजी लांब साखळीच्या रेणूंचा वाटा वाढतो.