न्यायसहायक वनस्पतिविज्ञान

गुन्ह्याच्या तपासात पाने, बिया, लाकूड, परागकण, बीजाणू, शैवले यांसारख्या वनस्पतिजन्य अवशेषांचा पुरावा म्हणून उपयोग करणारी न्यायसहायक विज्ञानाची शाखा. परागकण व बीजाणू यांच्यापुरत्या भागाला न्यायसहायक परागविज्ञान म्हणतात.

शाखेचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. पाश्चात्त्य ग्रंथ बहुधा १९३५ च्या अमेरिकेतील खटल्यापासून सुरुवात करतात. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाच्या अपहरणात (१९३२) वापरलेल्या शिडीची एक फळी आरोपीच्या माळ्यावरील तक्तपोशीतून कापलेली आहे, हे काष्ठतज्ज्ञ आर्थर कोहलर यांनी वाढवलये व खिळ्यांची भोके जुळवून दाखवले. परागविज्ञानाचे अभ्यासक व्हिएन्नाच्या व्हिल्हेल्म क्लाउस यांना अग्रमान देतात. त्यांनी संशयिताच्या बुटांवरील चिखलात आजच्या झाडांच्या परागकणांबरोबर हिकरी वृक्षाचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म परागकण ओळखले आणि असे मिश्रण जेथे मिळते तो डॅन्यूबकाठचा लहानसा टापू निश्चित केला. या प्रकरणाचे वर्ष साधारणतः १९५९ दिले जाते.

भारतापुरता विचार केल्यास हे दोन्ही आरंभ अपुरे वाटतात. येथे ही विद्या विषप्रयोगाच्या तपासातून आली. सरकारी रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा मद्रास (१८४९), कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) व मुंबई (सुमारे १८७०) येथे निघाल्या. वाटसरूंना धोत्र्याच्या बिया खाऊ घालून लुटण्याचे प्रकार तेव्हा नित्याचे होते. धोत्र्याचे बी मिरचीच्या बियांत सहज खपते, म्हणून दोहोंतील भेद न्यायवैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आजही असतो. धोत्र्याचे बी मोठे, जाड, तपकिरी, खाचखळग्यांचे व चवीला कडू असते. मिरचीचे पातळ, फिकट पिवळे, गुळगुळीत व तिखट. उभा छेद घेतल्यास धोत्र्याचा गर्भ नाभीपाशी (बी फळाला जोडलेले असते त्या खुणेपाशी) बाहेर वळलेला आणि मिरचीचा आत वळलेला दिसतो. गुरे मारण्यासाठी गुंजेच्या बियांच्या लगद्याची केलेली ‘सुई’ आणि खोट्या माराच्या खुणा उठवण्यासाठी लावलेला बिब्बा हेही याच परंपरेतले. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी भारतासाठी न्यायवैद्यकाचे पाठ्यपुस्तक लिहिले. हे पद जुने झाले, तरी मुंबईचे पोलीस व वकील कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सीए (केमिकल ॲनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट’च म्हणतात.

परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ द्रव्याचे असते. ॲसिटिक ॲनहायड्राइड व सल्फ्युरिक अम्ल यांच्या ९ : १ मिश्रणात तापवल्यावर आतला भाग जातो आणि कवचावरील नक्षी व रंध्रे स्पष्ट होतात. ओळख बहुधा कुल (फॅमिली) किंवा प्रजाती (जीनस) यांच्यापर्यंतच पोहोचते. गवतांचे परागकण तर साध्या सूक्ष्मदर्शीखाली जवळजवळ सारखेच दिसतात.

मुंबईत स्थाननिश्चिती अवघड आहे. गुलमोहर, पेल्टोफोरम व विलायती शिरीष कुलाब्यापासून दहिसरपर्यंत सगळ्या रस्त्यांवर आहेत. त्यांचे परागकण सापडल्याने फारसे काही ठरत नाही. तिवराचे परागकण टायरच्या चिखलात मिळाले तर खाडीकाठ सूचित होतो, मात्र गोराईचा की शिवडीचा हे त्यावरून सांगता येत नाही. याउलट बोरिवलीच्या डोंगरांत अनेक वर्षांच्या अंतराने फुलणाऱ्या कारवीचे परागकण वाऱ्याने फारसे पसरत नाहीत. ते कपड्यांवर आढळल्यास झुडपाशी प्रत्यक्ष स्पर्श झाल्याची शक्यता बळावते. तुलनेसाठी सेंट झेविअर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारखे (स्थापना १९०६) संग्रह उपयोगी पडतात.

बुडून मृत्यूच्या प्रकरणांत डायाटम या सूक्ष्म शैवलांचा शोध घेतात. जिवंतपणी पाणी फुप्फुसात गेले असेल, तर ती रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. त्यांची सिलिकेची कवचे नायट्रिक अम्लाने विरत नाहीत. अन्य कारणाने मृत्यू पावलेल्यांच्या शरीरातही काही डायाटम आढळल्याने या चाचणीला निर्णायक न मानता पूरक मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. गोड्या व खाऱ्या पाण्यातील जाती वेगळ्या असतात. मात्र मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी माहीमच्या खाडीत आणते, त्यामुळे पावसाळ्यात खाडीत गोड्या पाण्याचे डायाटम आढळले तरी मृत्यू तलावात झाला असे म्हणता येत नाही. घटनास्थळाजवळील पाण्याचा नमुना त्याच सुमारास घेणे म्हणून आवश्यक ठरते.

तज्ज्ञाचे मत पूर्वी १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ४५ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ लागू आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ओले वनस्पतिनमुने कागदी पाकिटात ठेवतात, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना लवकर बुरशी येते.