बर्फाच्या आधी गाठायचं पाणी

1721 साली डॅनियल फॅरेनहाइट यांनी काचेच्या लहान गोळ्यात पावसाचं पाणी घेतलं, हवा काढून तोंड बंद केलं आणि गोळा रात्रभर थंडीत ठेवला. तापमान त्यांच्याच मापात 15 अंश, म्हणजे सुमारे उणे 9 सेल्सियस. सकाळी पाहतात तो पाणी पातळच! गोळ्याचं टोक मोडलं आणि आत भराभर बर्फाचे पापुद्रे धरले. एकदा असं पाणी घेऊन जिना चढताना त्यांचा पाय अडखळला. त्या हिसक्यानेही ते गोठलं.

बर्फ धरायला बीज लागतं. धुळीचा कण नसेल तर शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहतात. मात्र हे अतिशीत, म्हणजे गोठणबिंदूखालीही द्रव राहिलेलं, पाणी विचित्र वागतं. थंड होताना बहुतेक द्रव आकसतात, दाबायला कठीण होतात. पाणी 4 अंशांखाली प्रसरण पावतं आणि अतिशीत झाल्यावर अधिकाधिक सहज दाबलं जातं. 1976 मध्ये स्पीडी आणि अँजेल या शास्त्रज्ञांनी ही वाढ मोजली, तेव्हा आलेख उणे 45 अंशांजवळ अनंताकडे धावत होता. तिथे काय आहे? पोहोचण्याआधीच बर्फ होतो.

माझ्या मते खरी कलाटणी दिली ओसामू मिशिमा यांनी. 1984 मध्ये कॅनडात त्यांनी व सहकाऱ्यांनी उणे 196 अंशांना साधा बर्फ सुमारे 10,000 वातावरणांच्या दाबाखाली चिरडला. स्फटिकांची रचना कोसळली आणि काचेसारखा अस्फटिकी बर्फ मिळाला, घनता घनसेंटिमीटरला 1.17 ग्रॅम. दाब काढून तो जरा तापवला की फुगून 0.94 वर येतो. पुढच्याच वर्षी दिसलं, की या दोन रूपांमधला बदल हळूहळू होत नाही, एकदम होतो. काच म्हणजे थिजलेला द्रव. मग पाणीही दोन प्रकारचं असेल का? 1992 मध्ये बोस्टनमधल्या संगणकीय प्रारूपाने होकार दिला: एक दाट, एक विरळ, आणि त्यांच्यातला भेद जिथे संपतो तो क्रांतिक बिंदू.

2011 मध्ये लिमर आणि चँडलर या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला: प्रारूपात दिसतो तो दुसरा द्रव नव्हे, बर्फाची सुरुवात आहे. वाद कडवट झाला. अखेर 2018 मध्ये मतभेदाचं मूळ सापडलं ते आक्षेपकर्त्यांच्या संगणक प्रणालीत, रेणूंना वेग देण्याच्या पद्धतीत.

प्रत्यक्ष पुरावा 2020 चा. अँडर्स निल्सन यांच्या गटाने दाट अस्फटिकी बर्फ लेसरच्या झोताने क्षणात उणे 68 अंशांपर्यंत तापवला आणि क्ष-किरणांनी टिपला. दाट द्रव विरळ झाला तो काही मायक्रोसेकंदांत. बर्फ त्यानंतर धरला.