चाकांवरचं घर शून्य अंश ओलांडतं तेव्हा

मिनियापोलिसला जानेवारीत पहाटे उणे २० अंश सेल्सिअस तापमान असलं तरी कुणाला नवल वाटत नाही. अशाच एका पहाटे आमच्या समोरच्या घरातलं निवृत्त जोडपं निघायच्या गडबडीत होतं. आजोबा बर्फात गुडघा टेकून ट्रेलरच्या टायरमधली हवा मोजत होते. आजी आत एकेक नळ उघडून तो कोरडा आहे ना, ते पाहत होत्या. थंडीचे तीन महिने दोघं टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रँडच्या खोऱ्यात काढतात. तिथले लोक अशा पाहुण्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात, इतरत्र ‘स्नोबर्ड’ हे नाव रूढ आहे.

ट्रेलर म्हणजे पिकअप गाडीमागे ओढत न्यायचं छोटं घर. त्याला इंजिन नसतं, पण ओटा, पलंग, संडास, गीझर सगळं असतं. ३५ क्रमांकाच्या महामार्गानं आयोवा, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा मागे टाकत सव्वादोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापायचं. माझ्या मते खरी परीक्षा या अंतराची नसते. वाटेत कुठंतरी शून्य अंशाची रेषा ओलांडायची असते, आणि तीन दिवसांत हे घर उणे २० मधून अधिक २५ मध्ये जाणार असतं. निघण्याआधीच्या शेवटच्या दिवसाची जवळजवळ सगळी कामं या एका गोष्टीपायी असतात.

सुरुवात पाण्यापासून करू. पाणी गोठताना त्याचे रेणू षट्कोनी, पोकळ जाळीत बसतात आणि आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पण नळी नेमकी कशी फुटते, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. बर्फ चहूबाजूंनी रेटतो आणि नळी तडकते, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असतं. बहुतेक वेळा होतं ते असं: नळीत एका जागी बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जातं आणि त्याच्या व बंद नळाच्या मधे अडकलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. त्या पाण्याचा दाब चढत जातो. उणे २० अंशांना पूर्ण कोंडलेल्या बर्फाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १,९०० पटींपर्यंत जाऊ शकतो. लवचीक प्लॅस्टिकची नळी थोडं ताणून घेते. तडकतात ते सांधे, पंप आणि संडासाची झडप. म्हणून नळ उघडे ठेवून सगळं पाणी काढायचं आणि सांदीकोपऱ्यात उरलेल्या पाण्यासाठी गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे गोठण्यापासून बचाव करणारा द्रव, फिरवायचं. हे प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. मोटारीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी, ते पिण्याच्या पाण्याच्या नळीत कधीही घालायचं नाही. गुलाबी द्रवाच्या डब्यावर उणे ४५ अंशांचा आकडा असतो. त्याचा अर्थ तोवर ते पातळच राहतं, असा नाही. त्याच्या बरंच आधी ते बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखं भुसभुशीत होतं, पण नळी फोडत नाही.

त्यामुळे पहिल्या दोन मुक्कामांना घरात नळ असूनही पाणी नसतं. प्यायला बाटल्या, आणि संडासात ओतायला थोडं अँटिफ्रीझ.

आता गॅस. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही भरपूर असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत त्याची वाफच होत नाही. उत्तर अमेरिकेत ट्रेलरला प्रोपेन लावतात, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ आहे. तरी उणे २० ला सिलिंडरमधला दाब बराच उतरलेला असतो, शिवाय वाफ होताना द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करून आणखी गार पडतो. सिलिंडर रिकामा होत आला की हीटर कुरकुरतो, कारण उष्णता घ्यायला द्रवाचा साठाच थोडा उरतो. म्हणून निघताना दोन्ही सिलिंडर भरलेले हवेत.

थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणं मात्र जिवावर बेतू शकतं. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. हीटरची ती धुराड्यातून बाहेर जाते, शेगडीची आतच राहून खिडक्यांवरून ओघळते. आणि ज्वलन अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. आजींनी त्याचा अलार्म दोनदा दाबून पाहिला, ते पाहून मला बरं वाटलं.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. पूर्ण चार्ज असलेली शिशाची बॅटरी उणे ५० च्याही खाली तग धरते, कारण तिच्यातलं आम्ल तीव्र असतं. उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं, ती उणे ७ च्या आसपास गोठून फुटू शकते. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांची तऱ्हा वेगळी: शून्याखाली त्या चार्ज केल्या तर लिथियम आतल्या ग्रॅफाइटमध्ये (कार्बनच्या थरांत) शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते.

टायरमध्ये ऑक्टोबरात १५ अंशांना ६५ पौंड हवा भरली असेल, तर उणे २० ला काटा ५५ दाखवतो. टायर पंक्चर नसतं, वायूचा नियमच तसा आहे. पण कमी हवेचा टायर वजनाखाली जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला वाकतो, तापतो आणि भर वेगात फाटतो. आजोबांनी तिथंच ६५ पर्यंत हवा भरली. हीच हवा टेक्ससच्या २५ अंशांत ७९ च्या घरात जाईल, म्हणून रोज सकाळी, चाक फिरण्याआधी पुन्हा मोजायचं.

सामान कुठं ठेवायचं, हेही पाण्याशी जोडलेलं आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. अडीच टनांच्या ट्रेलरला २५० ते ३७५ किलो. सायकली आणि खुर्च्या मागे कोंबल्या की वजनाचा मध्य चाकांच्या मागे सरकतो. मग वाऱ्याच्या एका झोताने ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि ठरावीक वेगापुढे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. रिकामी टाकी नंतर भरली की दीडशे लिटरला दीडशे किलो वजन वाढतं. टाकी मागे असेल तर सकाळी साधलेला तोल संध्याकाळी बिघडलेला असतो.

पाणी भरायचं कुठं? डॅलस ओलांडलं की, असं बरेच जण सांगतात. जानेवारीत तिथली सरासरी रात्र शून्याच्या वरच असते. पण १६ फेब्रुवारी २०२१ ला त्याच डॅलसमध्ये पारा उणे १९ पर्यंत उतरला होता आणि टेक्ससभर घराघरांत नळ फुटले होते. आजोबा सरासरीवर जात नाहीत, पुढच्या तीन रात्रींचा अंदाज पाहतात.

मग पंप सुरू होतो. नळातून आधी गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ पाणी येतं. गरम पाण्याचा नळ खोकल्यासारखा हवा सोडत राहतो. धार अखंड होईपर्यंत गीझरच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, रिकाम्या टाकीत त्याची कॉइल क्षणात जळते.