“मामा, मशरूमने डिप्रेशन जातं म्हणे”

भाच्याचा मेसेज रात्री साडेअकराला, भास घडवणाऱ्या नशेच्या मशरूमबद्दल. पोरगा पुण्यात आयटीत आहे, डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्याला चाललाय, आणि गेलं वर्षभर त्याचं काही बरं चाललेलं नाही हे घरात सगळ्यांना दिसतंय पण बोलत कुणीच नाही. त्यामुळे “नसत्या भानगडीत पडू नको” एवढं टाइप करून झोपून जाणं काही जमेना, फोनच लावला.

सुरुवात केली बाजरीपासून. पेरणीच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात, १० लिटरला २ किलो मीठ, आणि वर तरंगून येतं ते काढून टाकतात, कारण त्यात अरगट नावाच्या बुरशीच्या काळपट गाठी असतात. युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली बुरशी पडते (बाजरीवरची वेगळी, तिच्यात असलं काही शोधायला जाऊ नका, उलट्या होतील फक्त). या रायवरच्या बुरशीतल्या रसायनांवर स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन काम करत होता आणि १९३८ साली त्याने एलएसडी बनवलं, तुझ्या मशरूमसारखंच भास घडवणारं. पाच वर्षं ते तसंच पडून. मग १९ एप्रिल १९४३ ला त्याने स्वतःच २५० मायक्रोग्रॅम घेऊन बघितलं, म्हणजे मिठाचे चारपाच बारीक कण, त्याला वाटलं अगदीच कमी आहे.

युद्धामुळे गाडी मिळेना, तो असिस्टंटला सोबत घेऊन सायकलने घरी निघाला. घरी पोचेपर्यंत आपल्याला वेड लागलंय अशी त्याची खात्री झाली होती. शेजारीण दूध घेऊन आली तर ती त्याला चेटकीण दिसायला लागली. डॉक्टर आले, तपासलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात याखेरीज काहीच सापडेना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? नाश्ता कधी नव्हे इतका चवदार लागला, बाग नुकती कुणीतरी नवी करून ठेवल्यासारखी दिसली. माणूस तोच, डोस तोच, चोवीस तासांच्या आत आधी जीव जाईल अशी भीती आणि मग हे. मला विचाराल तर या औषधांचं मानसिक आरोग्याशी जे काही नातं आहे ते सगळं त्या एका दिवसात आलं होतं, पुढची ऐंशी वर्षं लोक त्याचाच हिशोब लावत बसलेत.

“ते ठीक आहे, पण होतं काय नक्की?” भाचा.

मशरूममधलं सायलोसायबिन काय किंवा एलएसडी काय, दोन्ही मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या टू-ए नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन जिथे बसतं त्या खाचेला, जाऊन चिकटतात. २०१७ मध्ये त्याच्या भावकीतल्या टू-बी रिसेप्टरमध्ये अडकलेल्या एलएसडीची रचना शास्त्रज्ञांनी एक्स-रेने बघितली, तर रिसेप्टरचाच एक भाग डब्याच्या झाकणासारखा वर येऊन बसलेला. आत गेलेलं लवकर बाहेर पडत नाही, एलएसडीची ट्रिप, म्हणजे नशेचा अंमल, आठ-दहा तास का चालते त्याचं एक कारण हे. डिप्रेशनमध्ये मन एकाच चाकोरीत फिरत राहतं, बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या खऱ्या चाकोरीसारखं, आणि ही औषधं काही काळ ती चाकोरी बुजवतात, असा अंदाज आहे. अंदाजच. उंदरांच्या मेंदूत सायलोसायबिनच्या एका डोसनंतर पेशींची नवीन जोडणी वाढलेली दिसलीय, पण उंदराला ईएमआय नसतो.

सायलोसायबिनचा माणसांवरचा मोठा प्रयोग २०२२ मध्ये छापून आला. २३३ लोक, ज्यांचं डिप्रेशन नेहमीच्या गोळ्यांनी हटत नव्हतं. कुणाला २५ मिलिग्रॅम, कुणाला १०, कुणाला नावापुरतं १. तीन आठवड्यांनी २५ वाल्यांपैकी ३७ टक्के लोकांचा त्रास निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता, १ वाल्यांत १८ टक्के. बारा आठवडे टिकून राहिलेलं बघितलं तर २० विरुद्ध १०. म्हणजे फरक पडतो, पण रील्समध्ये दाखवतात तसा चमत्कार नाही. शिवाय २५ मिलिग्रॅम घेतलेल्याला आपल्याला काय मिळालंय ते तासाभरात कळतंच की, मग आशेचा परिणाम कुठे संपला आणि औषधाचा कुठे सुरू झाला हे वेगळं कसं करणार. आणि प्रत्येकाजवळ पूर्ण वेळ थेरपिस्ट बसलेला असतो, हे विसरायचं नाही.

आता खरी गंमत. २०१३ मध्ये नॉर्वेतल्या दोघा संशोधकांनी अमेरिकेच्या सर्व्हेतली १ लाख ३० हजार माणसं बघितली, त्यातल्या साधारण २२ हजारांनी आयुष्यात कधीतरी असलं काही घेतलं होतं, आणि मानसिक आजाराशी संबंध सापडला नाही. हा आकडा भाच्याला पाठ होता! २०२४ चा कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास मात्र त्याने ऐकला नव्हता. असलं काही घेऊन ज्यांना इमर्जन्सीत न्यावं लागलं, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत स्किझोफ्रेनियाच्या (भास, भ्रम होतात त्या) गटातला आजार इतरांच्या २१ पट. आधीचे मानसिक आजार, बाकीची नशा वगैरे हिशोबात धरल्यावर साडेतीन पट. या औषधानेच आजार झाला असं यातून सिद्ध होत नाही, आजार दाराशी आलेलाच असेल आणि याने कडी काढली असेल. पण दोन्ही अभ्यास एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण पहिल्यात घरी बसून प्रश्नांची उत्तरं देऊ शकणारी माणसं मोजली आणि दुसऱ्यात ज्यांना उचलून न्यावं लागलं ती.

गोव्याचंही सांगितलं. हणजूणच्या पार्टीत हातात येतो तो जिभेवर ठेवायचा चिमुकला कागद, त्यावर एलएसडी आहे हे देणारा म्हणतो म्हणून. एनबोम नावाची रसायनंही याच नावाखाली विकली जातात आणि त्याने माणसं मेलीत. कायदा वेगळाच: १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात एलएसडी ०.१ ग्रॅमला व्यावसायिक मात्रा धरतात, तिथे कमीत कमी दहा वर्षं तुरुंग.

“मी एकच घेणार होतो,” म्हणे.

मग त्याला विचारलं ते असल्या प्रयोगांत आत घेण्याआधीच विचारतात. लिथियम (बायपोलर आजारावरचं औषध) चालू आहे का, कारण त्यावर असताना सायलोसायबिन घेऊन फिट आल्याच्या नोंदी आहेत. नाही म्हणाला. घरात कुणाला, आईवडील, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर? असेल तर बऱ्याच प्रयोगांत तिथूनच परत पाठवतात.

“छे, आपल्याकडे कुणालाच नाही.”

म्हटलं आईला दे फोन. ताई म्हणाली, नाही रे, तसलं काही नाही आमच्या घरात. मग थोडा वेळ गप्प. “मोठ्या भावोजींना तेवढं दर पौर्णिमेला गाणगापूरला न्यायचे, सात-आठ वर्षं. त्यांना बाहेरचं झालं होतं ना.”