पंखा फिरायलाय, पण डिस्प्ले येईना

जुलैचा महिना, पीक विम्याच्या फॉर्मांचा. गंगाखेडला माझ्या मामेभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सकाळी सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी त्याचा फोन आला, "दादा, काल रॅम टाकली. मशीन चालू व्हायलंय, पंखाबी फिरायलाय, पण डिस्प्लेच येईना गेलाय. मदरबोर्ड गेला म्हणायलेत इथले."

मदरबोर्ड गेला, हे निदान आमच्याकडे फार लवकर होतं. काल संध्याकाळपर्यंत चालणारं मशीन रॅम टाकल्यावर बंद पडलं, तर संशय आधी त्या रॅमवर, म्हणजे मशीनच्या कामचलाऊ मेमरीवर घ्यायचा. आणि पंखा फिरतोय याचा अर्थ एवढाच, की पंख्याला एसएमपीएसकडून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, १२ व्होल्ट मिळतायत. मशीन पुढे विचार करतंय की नाही, ते पंखा सांगत नाही.

बटण दाबल्यावर पहिल्या काही सेकंदांत आत काय चालतं, ते मजेशीर आहे. प्रोसेसर जागा होतो तेव्हा रॅम त्याच्या हाताशी नसतेच. तो मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला बायॉस नावाचा प्रोग्रॅम वाचायला घेतो. पण हिशेब मांडायला जागा हवी. म्हणून आपल्याच पोटातली कॅश मेमरी तो तात्पुरती रॅम म्हणून वापरतो. घराची किल्ली सापडेपर्यंत ओट्यावर बसून काम उरकावं तसं. मग रॅम बसवायच्या प्रत्येक स्लॉटला विचारणा होते, इथे कोण आहे? रॅमच्या पट्टीवर मोठ्या काळ्या चिपांच्या जोडीला एक बारकी चिप असते. तिच्यात पट्टीची कुंडली लिहिलेली असते: किती जीबी, कोणता वेग, किती व्होल्ट, कुठल्या कामाला किती थांबायचं. डीडीआर३, डीडीआर४ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर३मध्ये ही कुंडली २५६ बाइटची, डीडीआर४मध्ये ५१२ बाइटची. ती वाचून बायॉस मेमरीची घडी बसवतो, थोडं लिहून परत वाचून बघतो, आणि हे सगळं जमल्यावरच पडद्यावर काहीतरी आणण्याच्या गोष्टी सुरू होतात.

म्हणजे रॅममध्येच घोळ असेल तर "रॅममध्ये घोळ आहे" हे पडद्यावर लिहायचीही सोय मशीनकडे नसते. म्हणून ते बीप देतं. थांबून थांबून येणारे लांब बीप बहुतेक वेळा मेमरीचेच असतात. नेमका अर्थ बायॉसच्या कंपनीप्रमाणे बदलतो. स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये तो टिचभर स्पीकरही नसतो, आणि मग सगळाच मुका कारभार.

रॅम इतकी नाजूक का, याचं उत्तर १९६६ साली आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेल्या कल्पनेत आहे. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक अगदी छोटा कपॅसिटर. कपॅसिटर भरलेला असला तर १, रिकामा असला तर ०. १९६८मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि आजची रॅम अजून त्याच वाटेनं चालते. अडचण एकच, हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारा रांजण. (मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचीच उपमा सुचणार.) त्यातला विद्युतभार सतत झिरपतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक रांजण तपासून पुन्हा भरावा लागतो. ४ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ३,४३६ कोटी रांजण आहेत, आणि सेकंदाला पंधरा वेळा सगळ्यांची फेरी होते. इतकं काटेकोर काम ज्या पट्टीवर चालतं, तिचे मदरबोर्डाला टेकणारे सोनेरी संपर्क डीडीआर३मध्ये २४० असतात. त्यातला एक जरी नीट टेकला नाही तरी सगळी फेरी फिसकटू शकते.

दुपारी परभणीहून गंगाखेड गाठलं. रांग एका जुन्या लॅपटॉपवर कशीबशी पुढे सरकत होती. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. सॉकेटला अर्थिंगच नाही, हे लगेच कळलं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो. प्लग उपसला, पॉवरचं बटण दाबून धरून उरलासुरला करंट काढला आणि मग झाकण उघडलं.

दोन स्लॉट. एकात जुनी ४ जीबी, दुसऱ्यात नवी ४ जीबी. नव्या पट्टीची एका टोकाची क्लिप अर्धवट उघडी. वाटलं, काम झालं. टक् आवाज येईपर्यंत दाबली, मशीन लावलं, तरी पडदा काळाच. मग एक-एक करून पाहिलं. जुनी एकटी, पहिल्या स्लॉटात: चालू. नवी एकटी, त्याच स्लॉटात: तीही चालू. म्हणजे दुकानदारानं पट्टी खराब दिली नव्हती, उगाच त्याच्या नावानं शिमगा झाला होता. आता जुनी, चालती पट्टी दुसऱ्या स्लॉटात टाकली. डिस्प्ले नाही. चोर सापडला. दरवेळी पट्टी बदलताना प्लग मात्र काढायचा, त्यात आळस नको.

मोबाइलचा टॉर्च मारला तर दुसऱ्या स्लॉटच्या खाचेत काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी. मशीन आलं तेव्हापासून तो स्लॉट रिकामाच होता आणि दुकान रस्त्यालगत. कोरड्या मऊ ब्रशनं खाच झाडली. पट्टीचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसले. मुलामा फार पातळ असतो, भांडी घासल्यासारखं घासायचं नाही, आणि खोडरबरचे कण झाडूनच पट्टी परत बसवायची. दोन्ही पट्ट्या लावल्या. डिस्प्ले आला. रांगेतले एक काका म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"

दरवेळी एवढंच नसतं. पट्टी दुसऱ्या पिढीची असेल तर ती बसतच नाही; खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. बसत नसेल तर जोर लावू नये. डीडीआर३च्या काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या मशीनवर चालतात, कारण त्यांच्या चिपांची रचना इंटेलच्या प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाला उमगत नाही. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं. पट्टी पालटूनही बायॉस जुन्याच हट्टाला धरून बसला, तर प्लग काढून बोर्डावरचा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवावा. आणि डीडीआर५चं नवं मशीन पहिल्यांदा लावताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. आत मेमरीची तालीम चालू असते, घाबरून बटण दाबायचं नाही.

भावाची नवी पट्टी १६०० वेगाची होती, जुनी १३३३ची. दोन्ही आता १३३३नंच चालतात. एका जुवाला जुंपलेली जोडी हळू बैलाच्या चालीनंच चालणार. त्यावर तो काही बोलला नाही. पण सिस्टीमची माहिती उघडल्यावर तोंड पडलं. "८ टाकली अन् ३.४च वापरायलंय?"

विंडोज ३२ बिटांची निघाली. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मांडता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर भागांच्या वाट्याला जातात. ६४ बिटांची विंडोज टाकायची तर सगळा डेटा आधी बाजूला काढायचा, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे प्रोग्रॅम, नव्यानं शोधायचे. बाहेर रांग दारापर्यंत आलेली.

"विम्याची तारीख होऊ दे," तो म्हणाला आणि पुढचा सातबारा मागितला.